पंप नवा बसवला, तरी गाडी बंद पडते

ताई, तुमचं सगळं दोनदा वाचलं. म्हणजे असं की सहा वर्षांची पेट्रोल गाडी, ५८ हजार किलोमीटर झालेली. भर दुपारी इंदूरमध्ये पलासियाच्या सिग्नलला बंद पडते आणि वीस-पंचवीस मिनिटं थांबलं की काही झालंच नव्हतं अशी चालू होते. सर्व्हिस सेंटरने ‘फ्युएल पंप गेलाय’ म्हणून ११,४०० रुपये घेऊन नवा पंप बसवला. नवव्या दिवशी गाडी भंवरकुआंला पुन्हा अडकली. आता ते म्हणतात इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारे नोझल) साफ करू, नाहीच जमलं तर ईसीएम (इंजिन चालवणारा छोटा कॉम्प्युटर) बघू. आणखी पैसे घालावेत का, हा तुमचा प्रश्न.

सध्या एक रुपयाही घालू नका. आधी त्यांना एवढंच विचारा: पंप काढण्याआधी पेट्रोलचं प्रेशर किती आलं होतं, आणि गाडी चालू असताना पंपाच्या कनेक्टरवर व्होल्टेज किती होतं? हे दोन आकडे जॉबकार्डावर (तक्रार आणि केलेलं काम लिहिलेला त्यांचा कागद) नसतील तर तुमचा जुना पंप खराब होता हे कोणी तपासलेलंच नाही. अंदाज केला आणि बिल फाडलं.

मी हे एवढ्या ठामपणे लिहितोय कारण मी स्वतः यात फसलोय, तेही पीथमपूरला कारखान्यात सव्वीस वर्षं इलेक्ट्रिकल मेंटेनन्स करून. मे महिना, भाच्याची मुंज बुऱ्हाणपूरला. सिमरोलच्या पुढे भेरूघाटात गाडीने दोन आचके दिले आणि मान टाकली. मागे ट्रकांची रांग, गाडीत आई आणि बुंदीच्या लाडवांचे दोन डबे. अर्ध्या तासाने चालू झाली, कसेबसे पोचलो. परत आल्यावर अधिकृत सर्व्हिस सेंटरला नेली, त्यांनी संध्याकाळपर्यंत पंप बदलून दिला. तीन आठवड्यांनी तीन इमलीच्या चौकात पुन्हा तेच.

तिथल्याच एका ऑटो इलेक्ट्रिशियनने मागची सीट उचलली, पंपावरचं झाकण काढलं आणि बराच वेळ काही बोललाच नाही. मग कनेक्टर ओढून माझ्या हातात दिला. चार पिनांपैकी एकीभोवतीचं पांढरं प्लास्टिक कढईत विसरलेल्या पापडासारखं तपकिरी होऊन वाकलं होतं. ‘‘भिया, पंप तो नया है, पर रोटी इसको पूरी मिल ही नी रही.’’ नवीन पंप त्या जळक्या कनेक्टरवरच लावून दिला होता! ज्याने तो लावला त्याला ते दिसलं नसेल असं मला आजही वाटत नाही. नवा कनेक्टर आणि वायरचा तुकडा मिळून साडेचारशे रुपये लागले. जुना पंप मी मागून घेतला होता, तो डिकीतच होता. हट्टाने तोच परत बसवून घेतला आणि पुढे गाडी विकेपर्यंत, म्हणजे तीन वर्षं, तोच चालला.

आता यामागचं कारण. आजकालच्या गाड्यांत पंप पेट्रोलच्या टाकीतच बुडालेला असतो. छोटी विजेची मोटर आणि तिच्यावर प्लास्टिकचं चक्र. साध्या एमपीएफआय (इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या) गाडीत तो इंजिनाला साधारण ३ ते ४ बार प्रेशरने पेट्रोल देतो (नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये असतो, तो सर्व्हिस सेंटरकडे असायलाच हवा). त्यासाठी तो चार-सहा अँपिअर वीज घेतो. गोम इथेच आहे. वायरच्या वीस तारांपैकी एकच शाबूत असली तरी कनेक्टर काढून मीटर लावला की मीटर ऐटीत १२ व्होल्ट दाखवतो, कारण मीटर वीज जवळजवळ घेतच नाही. पंप चालू झाला की त्याच एका तारेतून पाच अँपिअर जाऊ पाहतात आणि तिथेच व्होल्टेज पडतं. म्हणून मोजायचं ते कनेक्टर लावलेला ठेवून, पाठीमागून पिना घालून, पंप चालू असताना. बॅटरीवर १३.८ आणि पंपावर १३.५ असेल तर वायरिंग ठीक. पंपावर ११.५ मिळत असेल तर तुम्ही दहा पंप बदला, काही फरक पडायचा नाही. अर्थिंगची बाजूही अशीच तपासायची. ती बहुतेक जण विसरतात.

उलटंही होतं, तेही सांगतो. झिजलेला पंप जास्त वीज ओढतो आणि त्या उष्णतेनेच कनेक्टर जळतो. तेव्हा दोन्ही बदलावं लागतं. म्हणून क्लॅम्प मीटरने (वायरीभोवती चिमट्यासारखा लावायचा मीटर) अँपिअरही बघायला सांगा, दोन मिनिटांचं काम आहे.

तुमच्या वर्णनात मला आणखी एक गोष्ट खटकते. तुम्ही लिहिलंय की गाडी ‘चावी फिरवल्यासारखी’ बंद होते. पंप दगा देतो तेव्हा गाडी बहुतेक वेळा आधी कुरकुरते: पिकअप जातो, आचके येतात, मग बंद. एका झटक्यात बंद पडली आणि गार झाल्यावर चालू झाली, तर माझा पहिला संशय क्रँक सेन्सरवर. इंजिन फिरतंय हे ईसीएमला कळवणारा, इंजिनाजवळ बसलेला, हजार-दोन हजारांचा तुकडा, तापला की मरतो, गार झाला की जिवंत. त्याचा सिग्नल गेला की ईसीएमला वाटतं इंजिन फिरतच नाही, म्हणून तो पंपाचीही वीज तोडतो. मग मेकॅनिक म्हणतो, ‘पंप चालत नाहीये.’ खरंच चालत नसतो! दोष मात्र त्याचा नसतो.

हे तुम्ही स्वतः ओळखू शकता, पण गाडी बंद पडलेली असतानाच. नंतर सगळं ठीकच दिसतं. पुढच्या वेळी बाजूला घ्या, हॅझर्ड लावा, एसी-पंखा-रेडिओ बंद करा. चावी फक्त ऑन करा (बटणवाली असेल तर क्लच किंवा ब्रेक न दाबता दोनदा बटण). मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद बारीक ‘ऊंऽऽ’ असा आवाज यायला हवा. मुलाला मागे कान लावून बसवा, पोरांना हे काम आवडतं. मग स्टार्टर मारताना आरपीएमच्या काट्याकडे बघा. काटा थोडा उचलला तर क्रँक सेन्सर जिवंत आहे. शून्यावर ढिम्म राहिला तर संशय पक्का. मात्र काही गाड्यांत काटा एरवीही उचलत नाही, म्हणून आजच घरी गाडी गार असताना एकदा बघून ठेवा. तिसरं, टाकीचं झाकण उघडा. थोडं फुस्स होणं चालतं. पण जोरात हवा आत ओढली गेली आणि लगेच गाडी चालू झाली, तर टाकीचा व्हेंट, म्हणजे हवा आत येण्याची वाट, तुंबलाय.

आवाजच आला नाही तर फ्यूज आणि रिले (पंपाची वीज चालू-बंद करणारा स्विच) बघा. फ्यूजबॉक्सच्या झाकणामागे नकाशा असतो, पुष्कळदा हॉर्नचा रिले त्याच नंबरचा निघतो, अदलाबदल करून बघता येते. याच्या पुढे जाऊ नका. सीटखालचं झाकण, पाइप, टाकी यांना घरी हात लावायचा नाही. पेट्रोलच्या वाफेला ठिणगी पुरते.

आता सर्व्हिस सेंटर. तिथली खरी लढाई जॉबकार्डावर होते, काउंटरवर आवाज चढवून नाही. तुमचं जॉबकार्ड काढून बघा, तक्रारीच्या रकान्यात काय लिहिलंय? ‘फ्युएल पंप चेक/रिप्लेस’ असं असेल तर त्यांच्या लेखी तुम्ही पंप मागितला आणि त्यांनी दिला, काम संपलं. आपण लक्षण लिहायचं, औषध नाही. या वेळी असं लिहून घ्या: ‘गरम झाल्यावर ट्रॅफिकमध्ये इंजिन अचानक बंद, वीस मिनिटांनी चालू, अमुक तारखेच्या पंप बदलानंतरही तीच तक्रार.’ शेवटचे शब्द महत्त्वाचे. याला ते लोक ‘रिपीट जॉब’ म्हणतात आणि अशा नोंदी त्यांना वरती आवडत नाहीत. अॅडव्हायजर ‘मॅडम, लिहायची गरज नाही, मी बघतो’ म्हणाला तर हसून म्हणा, लिहा आणि बघा.

गाडी सकाळी गार असताना देऊन येऊ नका. दुपारी दोनला तापवून न्या आणि स्कॅनरचे कोड पुसण्याआधी त्यांची प्रिंट मागा. पी ०३३५ असेल तर क्रँक सेन्सरचं सर्किट, पी ००८७ असेल तर रेलमधलं (इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीतलं) प्रेशर कमी, पी ०२३० असेल तर पंपाचं सर्किट. कोड हा पत्ता असतो, निकाल नाही, पण इंजेक्टर आणि ईसीएमकडे ते कशाच्या आधारावर वळले हे तरी कळेल. ईसीएमचं नाव लवकर घेणाऱ्या मेकॅनिकपासून मी तरी चार हात लांब राहतो. तो बिघडतो, नाही असं नाही, पण यादीत अगदी शेवटी.

जुना पंप मागितला होता का? नसेल तर आता मिळणं कठीण, तरी विचारा. नव्या पंपाच्या वॉरंटीबद्दल बिलाच्या मागे काय छापलंय ते वाचा. त्यांना सांगायचं एवढंच की चुकीच्या निदानाचे पैसे पुढच्या दुरुस्तीत वळते करा. अॅडव्हायजरच्या हातात ते नसतं, वर्क्स मॅनेजरच्या असतं. तो ऐकेना तर चेसिस नंबर आणि दोन्ही जॉबकार्डांचे नंबर घालून कंपनीच्या कस्टमर केअरला ईमेल. फोन नको, फोनचा पुरावा राहत नाही. तिथेही काही हललं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग, मुदत दोन वर्षं, आणि एवढ्या रकमेला फी नाही. बहुतेक प्रकरणं ईमेलवरच मिटतात.

आणि हो, हे आधी लिहायला हवं होतं: चेसिस नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकून रिकॉल (दोष निघाल्याने कंपनीने गाड्या परत बोलावणं) आहे का बघा. पंपाचे रिकॉल आपल्याकडे झालेत. जुलै २०२० मध्ये मारुतीने वॅगनआर आणि बलेनो मिळून १,३४,८८५ गाड्या पंपासाठी परत बोलावल्या, आणि २०२४ मध्ये होंडाने ९०,४६८ गाड्यांसाठी तेच जाहीर केलं. होंडाच्या पंपांत दोष होता तो आतल्या त्या चक्रात. तुमची गाडी यादीत निघाली तर पंप फुकट बदलायला हवा होता, आणि मग ११,४०० कशाचे घेतले हा प्रश्न त्यांना पडेल, तुम्हाला नाही. गाडी सेकंडहँड असली तरी रिकॉल लागू होतो.

सासूबाईंना ओंकारेश्वरला न्यायचं लिहिलंय, ते हे निदान होईपर्यंत टॅक्सीने करा. भेरूघाटात अडकल्यावर काय होतं ते वर लिहिलंच आहे. टाकी पाव भागाच्या खाली नेऊ नका, बुडालेल्या पंपाला पेट्रोलच गार ठेवतं.

पुढच्या वेळी बंद पडली की दोनच गोष्टी बघून लिहा: सीटखाली आवाज आला का, आणि काटा हलला का. कोडची प्रिंट मिळाली तर तीही टाका, मग इंजेक्टरचं बघू.