स्टॅटिकने भागतं, मग क्लासमेथड कशाला?

प्रश्न : डिप्लोमाला जावा शिकलो, आता पायथन शिकतो आहे. जावात स्टॅटिक मेथडलाच क्लास मेथड म्हणायचो. पायथनमध्ये स्टॅटिकमेथड वेगळी आणि क्लासमेथड वेगळी. दोन्ही लावून पाहिल्या, उत्तर एकच आलं. मग फरक पडतो कुठे?
– एक विद्यार्थी, कराड

उत्तर : उत्तर एकच आलं, कारण तुमच्या प्रोग्रॅममध्ये क्लास एकच असणार. फरक पडतो सबक्लास, म्हणजे एका क्लासवरून काढलेला दुसरा क्लास, आल्यावर, आणि तेव्हा तो चांगलाच पडतो.

मी एका दूध संस्थेच्या संकलनाचा प्रोग्रॅम सांभाळते, त्यातलंच उदाहरण देते. क्लासचं नाव दूधनोंद. (पायथन 3 मध्ये नावं देवनागरीत चालतात.) नोंदीत सभासद नंबर, लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक). 'रक्कम' ही मेथड एका नोंदीचे आकडे बघून पैसे काढते. तिला ती नोंद लागतेच, म्हणून पहिला पॅरामीटर सेल्फ. ही साधी इन्स्टन्स मेथड, ती तुम्हाला येतेच.

आता ही नोंद बनते कशी? दूध तपासणाऱ्या मशीनकडून आकड्यांची एक ओळ येते. ती फोडून नवी नोंद बनवते 'ओळीतून' ही मेथड. ती चालते तेव्हा नोंद अजून जन्मलेलीच नसते, मग सेल्फ आणायचा कुठून? इथे स्टॅटिकमेथड लावून आत थेट दूधनोंद हे नाव लिहिलं तरी काम होतं.

पण गाईचा मूळ दर 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफला ठरतो, म्हशीचा 6 आणि 9 ला. म्हणून म्हैसनोंद हा सबक्लास काढावा लागतो. आता म्हैसनोंद.ओळीतून() बोलावली, की ती स्टॅटिक मेथड दूधनोंदच हातात ठेवते. एरर नाही, काही नाही. म्हशीच्या दुधाला गाईचा हिशेब लागतो आणि ते कळतं थेट दहा दिवसांच्या बिलात, सभासद बाई विचारायला आल्यावर. हे पैसे तिच्या घामाचे असतात, म्हणून या फरकाबद्दल मी इतकी आग्रही आहे.

क्लासमेथड असेल तर ज्या क्लासच्या नावाने बोलावलं, तो क्लासच पायथन पहिल्या पॅरामीटरमध्ये, म्हणजे सीएलएसमध्ये पाठवतो. आत दूधनोंदच्या जागी सीएलएस लिहा, म्हणजे म्हैसनोंदकडून म्हैसनोंदच मिळेल. जावाच्या स्टॅटिक मेथडला असा क्लास कुणी देत नाही. तुमचा गोंधळ तिथूनच आला आहे.

पायथनच्या डेटटाइम मोड्यूलमध्ये याचा सुंदर नमुना आहे. टुडे() ही क्लासमेथड एकदाच, डेट या क्लासमध्ये लिहिली आहे. ती सीएलएसच्या फ्रॉमटाइमस्टॅम्पला, म्हणजे घड्याळाच्या सेकंदांवरून तारीख बनवणाऱ्या मेथडला, काम सांगते. डेटटाइम हा डेटचा सबक्लास, त्याची फ्रॉमटाइमस्टॅम्प वेगळी. त्यामुळे डेट.टुडे() नुसती तारीख देते आणि डेटटाइम.टुडे() वेळही देते. सोर्स उघडून वाचाच.

मग स्टॅटिकमेथड कुठे वापरायची? लॅक्टोमीटरचं रीडिंग आणि फॅट यांवरून एसएनएफ काढायचं सूत्र घ्या. त्याला ना नोंद लागते ना क्लास, नुसते दोन आकडे पुरतात. तिथे स्टॅटिक शोभते. अर्थात सूत्रातला स्थिरांक सगळीकडे सारखा घेत नाहीत. तो क्लासमध्ये ठेवून सबक्लासमध्ये बदलायचा असेल, तर हीच मेथड क्लासमेथड करावी लागते. त्यामुळे 'सेल्फ नको, मग लावा स्टॅटिक' ही सवय मला पटत नाही.

या दोन्ही मेथड पायथन 2.2 मध्ये, 2001 साली आल्या. मेथडच्या वर ॲटचं चिन्ह (@) लावून क्लासमेथड किंवा स्टॅटिकमेथड लिहायची सोय 2.4 पासूनची, म्हणजे 2004 ची. जुन्या कोडमध्ये मेथडच्या खाली वेगळ्या ओळीत क्लासमेथड लावलेली दिसली तर गडबडू नका, अर्थ तोच.

आता तुमच्याच प्रोग्रॅममध्ये एक रिकामा सबक्लास काढा, त्याच्या नावाने दोन्ही मेथड बोलवा आणि जे मिळेल त्याचा टाइप() छापून बघा.