दात सरळ करायचेत, पण हप्त्यांवर घेऊ का?

प्रश्न: ताई, मी लालबागला राहते, पगार २८ हजार. पुढचे दात वाकडे आहेत म्हणून फोटोत हसायलाच नको वाटतं. क्लिनिकवाले म्हणतात अलाइनर (दात सरळ करणारे पारदर्शक प्लास्टिकचे साचे) ९० हजार, नो कॉस्ट ईएमआय म्हणजे बिनव्याजी हप्ते, आजच फॉर्म भरा. भरू का? – एक वाचक

उत्तर: अगं, मनमोकळं हसावंसं वाटणं यात काहीच चूक नाही, पण आजच सही करू नकोस. हा हप्ता बहुतेकदा डॉक्टरांचा नसतो, बँकेचं किंवा फायनान्स कंपनीचं कर्ज तुझ्या नावावर चढतं, म्हणजे उद्या क्लिनिक बंद पडलं, ट्रीटमेंट अर्धवट राहिली तरी हप्ते मागायला कंपनी तुझ्याच दारात येणार आणि चुकवलेस तर सिबिल स्कोअर, म्हणजे कर्ज फेडण्यातली तुझी पत, खराब. ‘नो कॉस्ट’मध्येही प्रोसेसिंग फी, त्यावर १८ टक्के जीएसटी असू शकतो. म्हणून आधी क्लिनिकला विचार, रोख भरले तर किती कमी कराल? तो फरक म्हणजेच व्याज समज. आणि ‘की फॅक्ट स्टेटमेंट’, म्हणजे कर्जाच्या अटी-खर्चाचा कागद, मागच, १ ऑक्टोबर २०२४ पासून रिटेल म्हणजे सामान्य ग्राहकांच्या नव्या कर्जांना तो द्यावाच लागतो, त्यात एपीआर म्हणजे वर्षाचा खरा खर्च टक्क्यांत लिहिलेला असतो.

रिटेनरचे, म्हणजे सरळ झालेले दात जागेवर धरून ठेवणाऱ्या साच्याचे, पैसे धरलेत का तेही विचार, कारण तो घातला नाही तर दात परत सरकतात. आणि मुंबई सेंट्रलला महापालिकेच्या नायर हॉस्पिटलचं डेंटल कॉलेज आहे ना, लालबागहून काही लांब नाही, तिथे एकदा दाखव. साध्या तारेच्या ब्रेसेसनी काम होत असेल तर ९० हजार कशाला घालायचे?