'टू-फेज फ्लो' : द्विकला, द्विप्रावस्था की मिश्र प्रवाह?

खनिज तेल आणि वायू एकाच पाइपलाइनमधून जातात, तेव्हा त्या 'टू-फेज फ्लो'ला मराठीत द्विकला प्रवाह म्हणावे, द्विप्रावस्था प्रवाह म्हणावे की सरळ मिश्र प्रवाह, असा प्रश्न बडोद्याच्या एका अभियंत्यांनी विचारला आहे. कोयलीची रिफायनरी 1965 पासून ज्या शहराच्या शेजारी उभी आहे, तेथून हा प्रश्न यावा हे स्वाभाविक आहे.

शास्त्रीय लेखनात 'द्विप्रावस्था प्रवाह' हाच शब्द वापरावा. 'कला' हा शब्द चंद्राच्या आणि तरंगांच्या संदर्भात रूढ आहे. घन, द्रव व वायू या रूपांसाठी मराठी विज्ञानलेखनात 'प्रावस्था' वापरतात. मात्र वाहणारे दोन पदार्थ कोणते हे ठाऊक असेल, तर 'वायू-द्रव प्रवाह' हा शब्द मला अधिक चांगला वाटतो, कारण तो कामगारालाही समजावून सांगावा लागत नाही.

'मिश्र प्रवाह' मात्र टाळावा, कारण तो वस्तुस्थितीविषयी गैरसमज करून देतो. पाइपमध्ये वायू आणि द्रव एकजीव होऊन वाहतातच असे नाही. आडव्या पाइपमध्ये दोघांचेही वेग कमी असतील, तर द्रव तळाशी आणि वायू वर, असे थर पडतात. वायूचा वेग वाढला की द्रवावर लाटा उठतात, आणि तो फारच वाढला की द्रव पाइपच्या भिंतीला वलयासारखा चिकटून मधून वायू धावतो. कोणत्या वेगांना कोणता प्रकार आढळतो याचा नकाशा अभियंते ओव्हिड बेकर यांनी 1954 साली मांडला. शिवाय दोघांचे वेग सहसा वेगळे असतात. आत सोडलेल्या एकूण घनफळात द्रव 10 टक्के असेल आणि वायू त्याच्या तिप्पट वेगाने जात असेल, तर द्रव पाइपचा 25 टक्के छेद व्यापतो. या वाट्याला, म्हणजे 'होल्डअप'ला, 'द्रवव्याप्ती' म्हणावे. 'द्रवसाठा' म्हटल्यास द्रव एका जागी थांबून राहिल्याचा भास होतो.

त्याच पत्रातील दुसरी पृच्छा 'स्लग फ्लो'विषयी आहे. लाट उसळून पाइपच्या माथ्याला टेकली की वायूची वाट अडते, मागे दाब साचतो आणि द्रवाचा तो संपूर्ण तुकडा वेगाने पुढे ढकलला जातो. मागोमाग वायूचा मोठा फुगा येतो आणि हाच क्रम चालू राहतो. पाणी बंद होऊन पुन्हा आले की नळ हवा सोडत उसळतो, तोही वायू-द्रव प्रवाहच होय. 'स्लग फ्लो'साठी 'लोंढा प्रवाह' हा शब्द मी सुचवतो. अचानक येणे, जोर असणे आणि ओघाने आदळणे या तिन्ही छटा 'लोंढा' या शब्दात आधीपासून आहेत, आणि पाइपच्या वळणांना व आधारांना धोका असतो तो नेमका या आदळण्याचा. पाइपलाइनच्या शेवटी हे लोंढे झेलणाऱ्या पात्राचे 'स्लग कॅचर' हे नाव कामाच्या ठिकाणी सर्वांच्या तोंडी असल्यामुळे ते तसेच ठेवावे.

बडोद्यातील लेखकांनी आणखी एक काळजी घ्यावी. गुजरातीत 'प्रवाही' म्हणजे द्रवपदार्थ, आणि आपल्याकडच्या मराठी बोलण्यातही तो अर्थ सहज शिरतो. मराठीत मात्र 'प्रवाही' हे वाहतेपणा दाखवणारे विशेषण आहे आणि ते वायूलाही लागू पडते. म्हणून लिहिताना लिक्विडसाठी 'द्रव' आणि द्रव व वायू या दोहोंना सामावणाऱ्या फ्लुइडसाठी 'द्रायू' हेच शब्द योजावेत.