किलोमीटर मोजून रस्ता कर: वाचकांचे प्रश्न

गाडी घेताना एकरकमी कर भरण्याऐवजी ती जितकी धावेल तितका कर घ्यावा, असं मी गेल्या महिन्यात या सदरात मांडलं होतं. त्यावर बरीच पत्रं आली, काही रागावलेलीही. त्यांतले काही प्रश्न घेतो.

आमची गाडी महिन्यातून दोन-चारदाच निघते, तरी कर पूर्ण भरला. हे न्याय्य आहे का? (ज्येष्ठ नागरिक, दादर)

नाही. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या खासगी पेट्रोल गाडीवर किमतीच्या ११ टक्के एकरकमी कर लागतो. म्हणजे आठ लाखांच्या गाडीला ८८ हजार. हे पंधरा वर्षांवर पसरवून बघा. वर्षाला तीन हजार किलोमीटर चालवणाऱ्याला एका किलोमीटरमागे जवळपास दोन रुपये पडतात, वीस हजार चालवणाऱ्याला २९ पैसे. रस्ता जास्त वापरतो त्याला तो स्वस्त पडतो.

याला दुसरी बाजूही आहे. पेट्रोलवर लिटरमागे चाळीस रुपये कर धरला आणि गाडी सोळा किलोमीटर देत असली, तर किलोमीटरला अडीच रुपये तुम्ही पंपावर भरतच असता. म्हणून किलोमीटरचा कर एकरकमी कराच्या जागी यावा, एवढंच माझं म्हणणं आहे. तो आजच्या सगळ्या करांवर आणखी चढवायचा असेल, तर माझा त्याला ठाम विरोध आहे.

इलेक्ट्रिक गाडी घ्या म्हणून सरकारनेच सांगितलं. आता आमच्याच मागे कर लावणार? (बोरिवली)

लगेच लावू नये. पण विजेवरच्या गाड्या वाढतील तसा पंपावरचा कर आटत जाणार आणि रस्ते तर राखावेच लागणार. न्यूझीलंडमध्ये डिझेल गाड्या १९७८ पासून अंतरावर पैसे भरतात. तिथे इलेक्ट्रिक गाड्यांना माफी होती, पण तिला मुदत घातलेली होती. ती संपली आणि १ एप्रिल २०२४ पासून या गाड्याही हजार किलोमीटरला ७६ न्यूझीलंड डॉलर देऊ लागल्या. आइसलँडनेही २०२४ मध्येच इलेक्ट्रिक गाड्यांवर किलोमीटर शुल्क सुरू केलं.

आपल्याकडे राज्याच्या २०२५ च्या अर्थसंकल्पात तीस लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांवर सहा टक्के कर सुचवला गेला आणि थोड्याच दिवसांत मागे घेतला गेला. असं एक पाऊल पुढे, एक मागे झालं की गाडी घेणाऱ्याने कशावर विसंबायचं? सवलत आज जरूर द्या, पण ती कधी संपणार आणि मग दर काय असेल, हे आजच छापून टाका.

मी एसी दुरुस्तीची कामं करतो. मुंबईत घर परवडत नाही म्हणून बदलापूरला राहतो. गॅसचे सिलिंडर घेऊन गर्दीच्या लोकलमध्ये चढता येत नाही, व्हॅन काढावीच लागते. लांब राहतो म्हणून दंड भरायचा का?

सगळ्या पत्रांत हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटला. नुसतं अंतर मोजलं तर तुमच्यावर अन्याय होईल, यात शंका नाही. म्हणून अंतराला वजनाची जोड हवीच.

रस्ता कशाने खचतो, याची मोठी चाचणी अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० दरम्यान झाली. त्यातून निघालेला नियम असा: रस्त्याची झीज आसावरच्या (म्हणजे चाकांच्या जोडीच्या दांड्यावरच्या, ॲक्सलवरच्या) भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. भार दुप्पट, तर झीज सोळा पट. लहान गाडीच्या एका आसावर साडेसहाशे किलो धरा. आपल्याकडे २०१८ पासून चार टायरच्या एका आसावर साडेअकरा टनांपर्यंत भार चालतो. गुणोत्तर सतरा-अठरा पट, झीज मात्र लाख पटीच्या घरात! नियम ढोबळ आहे, पावसात तुंबणाऱ्या पाण्याचा हिशेब त्यात नाही. तरी न्हावा-शेव्याचा कंटेनर, काँक्रीटचा मिक्सर आणि तुमची व्हॅन यांना एका दरात बसवणं किती चुकीचं आहे, ते यातून दिसतं.

म्हणून सुरुवात अवजड वाहनांपासून व्हावी. दुचाकीला शून्य दर, तुमच्यासारख्यांच्या कामाच्या व्हॅनला नाममात्र. तोच माल जास्त आसांवर वाटून नेणाऱ्या ट्रकला दर कमी ठेवावा, म्हणजे भाजीही महागणार नाही.

जीपीएस बसवून सरकार आम्ही कुठे जातो ते बघणार ना?

त्याची गरज नाही. गाडीतलं किलोमीटरचं मीटर पुरेसं आहे. पेट्रोल-डिझेलची गाडी पीयूसीला न्यावीच लागते, तेव्हा आकडा नोंदवावा. इलेक्ट्रिक गाडीला पीयूसी लागत नाही, तिच्या नोंदीची वेगळी सोय करावी लागेल. मीटर मागे फिरवणारे भेटतील, पण दरवेळची नोंद राहिली की ते पकडणं सोपं होतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खासगीपणाला मूलभूत हक्क मानलं आहे. कर गोळा करायला माणसाचा माग काढावा लागत असेल, तर तो कर नको.

टॅक्सीवाल्यांचं काय? (घाटकोपर)

भाडं सरकारी प्राधिकरण ठरवतं, त्यामुळे तुम्हाला कर गिऱ्हाइकावर टाकता येत नाही. शिवाय रिकामी फेरीही किलोमीटरच्या मीटरवर चढते. टॅक्सी, रिक्षा, बेस्टची बस यांना यातून वगळावं.

पैसे कुठे जाणार? खड्डे तर तसेच राहतात.

मोटार वाहन कर राज्याच्या तिजोरीत जातो आणि मुंबईतले बहुतेक रस्ते महापालिका राखते. २०२२ पासून पूर्व आणि पश्चिम द्रुतगती मार्गही तिच्याकडे आहेत. जकात होती तोवर पालिकेचा स्वतःचा मोठा स्रोत होता, तो २०१७ मध्ये गेला. गाडी कुठल्या शहरात धावली हे मीटरवरून कळत नाही, ही या पद्धतीची खरी उणीव आहे. तरी जिथे नोंदणी, तिथल्या पालिकेला ठरलेला वाटा आणि तो फक्त रस्त्यांवर खर्च, एवढं कायद्यातच लिहून घेता येईल. अधिकाराचा प्रश्न नाही. वाहनांवरचा कर आणि टोल हे दोन्ही विषय राज्यघटनेने राज्यांकडे दिले आहेत.

मी २०२१ मध्ये एकरकमी कर भरला आहे. पुन्हा भरावा लागेल का?

आज तसा कायदा नाही. उद्या आलाच, तर उरलेल्या वर्षांचा भरलेला कर वळता करून द्यायला हवा. गाडी कायमची परराज्यात नेली तर तिच्या वयाप्रमाणे कराचा काही भाग आजही परत मिळतो. तेच कोष्टक इथे वापरता येईल. पावती जपून ठेवा.