आधी तळमजला कोणाचा ते विचारा

प्रश्न : ताई, आम्ही दोघं रोमला नोकरी करतो. डोंगरात एखादं छोटं घर घ्यायचं कधीचं डोक्यात होतं, म्हणून मागच्या शनिवारी आब्रुत्सोत सुल्मोनाच्या आसपास एका दिवसात पाच घरं बघितली. चार बाद झाली, एकात तर छतातून आभाळ दिसत होतं, पण पाचवं पाचेंत्रोजवळचं दगडी घर बघितलं आणि हिने तिथेच पडद्यांचा रंग ठरवला. ३८ हजार युरो सांगतायत. एजंट म्हणतो दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, आजच प्रोपोस्तावर सही करून २ हजारचा चेक द्या, नुसता ऑफरचा कागद आहे. करू का?

उत्तर : चेकबुक आधी आत ठेवा बघू. ‘नुसता कागद’ वगैरे काही नसतं. तुमच्या सहीनंतर मालकाने होकार दिला आणि तो तुम्हाला कळवला की व्यवहार ठरला, एजंटचं कमिशनही तिथेच लागू होतं. तो चेक कापार्रा म्हणून लिहिलेला असेल तर तो आपला इसारच. तुम्ही फिरलात तर गेला, मालक फिरला तर दुप्पट परत. सही करायचीच असेल तर ‘कागदपत्रं नीट निघाली तरच’ अशी अट त्यातच लिहून घ्या.

आता घर. पाच घरं एका दिवसात म्हणजे स्थळं बघण्यासारखं झालं हो, शेवटच्या घरी चहा बरा मिळाला की तेच आवडतं. कातास्तोतला, म्हणजे सरकारी मालमत्ता नोंदणीतला, नकाशा मागवा आणि तो हातात धरून घरभर फिरा. आम्ही बघितलेल्या एका घरात वरचा झकास हॉल कागदावर अजून गवताचा माळा होता आणि खालची गुरांची खोली भलत्याच्याच नावावर, म्हणजे आपल्या स्वयंपाकघराखाली दुसऱ्याची मालकी! जुन्या घरांना वारसही ढीगभर असतात, कोणी कॅनडात कोणी अर्जेंटिनात, आणि सह्या सगळ्यांच्या लागतात. नोतायो, म्हणजे खरेदीखत करणारा नोटरी, मालकी आणि बोजा तपासतो, पण तो काही घरी येऊन भिंती मोजत नाही, त्यासाठी आपला वेगळा जेओमेत्रा, म्हणजे घराची मोजणी आणि नकाशे तपासणारा तंत्रज्ञ, लावा. एजंटने सुचवलेला नको.

भूकंपाचं तर विचाराच विचारा. लाक्विला तिथून काही फार लांब नाही, २००९ च्या एप्रिलमध्ये तिथे ३०९ माणसं गेली. दगडी भिंती जाड असल्या म्हणजे मजबूत असतात असं नाही, आत नुसता दगडमातीचा भराव असतो कधीकधी. भिंती लोखंडी सळ्यांनी आवळल्यात का, जुन्या छतावर जड काँक्रीट तर ओतलं नाहीये ना, हे जेओमेत्रापेक्षा स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा, पैसे जातात पण जाऊ देत.

टॅक्सचं थोडक्यात सांगते, तुम्ही राहणार रोमला म्हणजे हे दुसरं घर, तेव्हा खासगी मालकाकडून घेतलंत तर ९ टक्के, तेही कातास्तोतल्या किमतीवर, आणि कमीत कमी १००० युरो. नोतायोची फी वेगळी.

आणि प्लीज फेब्रुवारीत एकदा जाऊन या, तेही वीकेंडला नाही, मधल्या वारी. घर कशाने तापवतात, पेलेटच्या (लाकडी भुशाच्या गोळ्यांच्या) शेगडीने की गॅसच्या टाकीवर, ओल कुठवर चढते, गाडी दारापर्यंत जाते का की सामान हातात घेऊन पायऱ्या चढायच्या, दुपारी एकनंतर एक तरी दुकान उघडं असतं का. समोरच्या आजीबाईंशी बोला, एजंटने न सांगितलेलं सगळं त्या दहा मिनिटांत सांगतात.

दुसरं गिऱ्हाईक म्हणाल तर ते आमच्याही वेळी होतं. तीन वर्षं झाली, त्या घराच्या दारावर ‘वेंदेसी’ची, म्हणजे ‘विकणे आहे’ची, पाटी अजून लटकतेय, उन्हाने अक्षरं उडालीत एवढंच.