हाताला दुखापत आहे, पाय ठणठणीत आहेत. अपंगांचा पार्किंग परवाना वापरला तर चुकीचं ठरेल का?

अजिबात चुकीचं नाही. परवाना रीतसर मिळत असेल तर घ्या आणि वापरा.

तुम्ही लिहिलंय की उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालंय, तात्पुरत्या परवान्याच्या अर्जावर डॉक्टर सही द्यायला तयार आहेत, पण धडधाकट पायांनी त्या जागेवरून उतरायची लाज वाटते आणि घरचेही ‘नको’ म्हणतात. त्यातलं ‘घरचेही नको म्हणतात’ हे वाचलं आणि राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

माझा उजवा हात अपघातात गेला. म्हणजे आहे जागेवर, पण खांद्यापासून खाली जवळजवळ हलत नाही. मानेतून पाच नसा निघतात आणि खांद्याखाली एकमेकींत गुंतून हातात उतरतात, त्या जुडग्याला डॉक्टर ब्रेकियल प्लेक्सस म्हणतात. तो ओढला गेला, काही मुळं पार उपटली गेली. नस पुन्हा वाढते ती दिवसाला साधारण एक मिलिमीटर. मानेपासून बोटापर्यंतचं अंतर मोजा आणि विचार करा किती वाट बघावी लागते. तोवर स्नायू वाळून जातात. माझ्या बाबतीत कोपर थोडं वळतं, बाकी काही परत आलं नाही. जळजळ मात्र आहे, रात्रंदिवस. गाडी मी चालवते. ऑटोमॅटिक आहे, स्टिअरिंगवर गोल मूठ बसवून घेतली आहे, इंडिकेटरची दांडी डावीकडे आणून घेतली आहे, लायसन्सवर तशी नोंद आहे.

आता दाराचं सांगते, कारण सगळा प्रश्न दाराचा आहे आणि तो कोणी विचारातच घेत नाही. लोकांना वाटतं राखीव जागा म्हणजे दरवाजाजवळची जागा, कमी चालावं लागावं म्हणून. अर्धंच खरं आहे. ती जागा रुंद असते. अमेरिकेच्या नियमात आठ फुटांच्या जागेला लागून निदान पाच फुटांची मोकळी पट्टी सोडावी लागते. ब्रिटनमध्ये शेजारी १.२ मीटरची पट्ट्यापट्ट्यांची जागा असते. आपल्याकडच्या सुगम्यतेच्या मार्गदर्शक सूचनांमध्येही ३६०० मिलिमीटर रुंदी सांगितली आहे. साधी जागा अडीच मीटरच्या आसपास, गाडी पावणेदोन. उरलं पाऊण मीटर, ते दोन्ही बाजूंना वाटून घ्या. एवढ्या फटीतून दोन हातांचा माणूस कसा उतरतो ते एकदा नीट बघा. एका हाताने दार धरून ठेवतो, शेजारच्या गाडीला लागू नये म्हणून, आणि दुसऱ्या हाताने स्टिअरिंग नाहीतर सीट धरून स्वतःला तिरकं बाहेर काढतो. दोन्ही हात एकाच वेळी कामाला लागलेले असतात.

स्टिअरिंग उजवीकडे असलेल्या गाडीत माझं दार माझ्या मेलेल्या हाताच्या बाजूला आहे. डावा हात छातीवरून आडवा नेऊन कडी ओढायची, गुडघ्याने दार ढकलायचं. दार सुटलं की सुटलं, धरायला हात नाही. वारा असेल तर धाडकन जातं. मग आधी उजवा हात उचलून मांडीवर घ्यायचा, नाहीतर तो सीट आणि दार यांच्यामध्ये अडकतो आणि त्याला स्पर्श कळत नसल्यामुळे अडकलाय हे मला कळतसुद्धा नाही. रात्री कपडे बदलताना खरचटलेलं, काळंनिळं झालेलं दिसतं. मग पाय बाहेर, मग मी. तुमच्या ऑपरेशन झालेल्या खांद्याचंही तसंच आहे. तो पट्ट्यात बांधलेला आहे, बाजूला उचलायचा नाही, धक्का लागू द्यायचा नाही. चिंचोळ्या फटीत अंग पिळून बाहेर पडायचं म्हणजे नेमकं तेच करायचं. शिवाय तोल गेला तर टेकायला हात नाही, सरळ तोंडावर किंवा त्याच खांद्यावर पडणार. यात पायांचा संबंध कुठे आला?

आता ज्या प्रसंगामुळे हे सगळं लिहितेय तो. आईला तपासणीसाठी एका हॉस्पिटलमध्ये घेऊन गेले होते. दादाची गाडी गॅरेजला होती, म्हणून तोही माझ्याच गाडीत पुढे बसलेला. बेसमेंटच्या पार्किंगमध्ये राखीव जागा मोकळी होती, मी गाडी लावली, परवान्याचं कार्ड काचेला दिसेल असं ठेवलं आणि उतरले. माझा उजवा हात मी नेहमी कुर्त्याच्या खिशात घालून ठेवते. लोंबकळत राहिला तर त्याच्या वजनाने खांदा खाली ओढला जातो, सांधा निसटू बघतो. त्यामुळे बघणाऱ्याला काय दिसतं, तर एक बाई खिशात हात घालून ऐटीत चाललीय.

समोरच्या गाडीपाशी एक गृहस्थ उभे होते. त्यांनी आधी माझ्या पायांकडे पाहिलं. मग म्हणाले, ‘मॅडम, ही जागा अपंगांसाठी आहे.’ मी म्हटलं, हो, कार्ड काचेवर आहे. ते म्हणाले, ‘कार्डं काय हल्ली कोणालाही मिळतात. तुम्ही तर चांगल्या चालताय.’ आवाज चढलेला. दोनचार माणसं थांबून बघायला लागली.

आणि दादा काय म्हणाला? ‘अगं, हात दाखव ना त्यांना. बाहेर काढून दाखव, म्हणजे विषय मिटेल.’

मी हात बाहेर काढला नाही. का काढायचा? ज्या अधिकाऱ्यांनी तपासायचं त्यांनी तपासलाय, कागद पाहिलेत, एक्स-रे आणि नसांचे रिपोर्ट पाहिलेत, आणि कार्ड दिलंय. कार्ड असतंच यासाठी की वाटेवरच्या प्रत्येक माणसाला आपलं शरीर उघडं करून दाखवावं लागू नये. मी त्यांना म्हटलं, शंका असेल तर वॉचमनला बोलवा. वॉचमन आला, त्याने कार्ड पाहिलं, नंबर पाहिला, ‘ठीक आहे ताई’ म्हणाला आणि गेला. एवढंच होतं ते. गृहस्थ पुटपुटत निघून गेले. आई एका हाताने माझी ओढणी धरून बाजूला उभी होती आणि दादा लिफ्टपाशी जाऊन पोचला होता, आमच्यातला नसल्यासारखा.

वर वेटिंग हॉलमध्ये बसल्यावर त्याने सुरू केलं. ‘त्या माणसाचं काही चुकलं नाही. चाकाच्या खुर्चीवरचा कोणी आला असता तर? तुला चालता येतं, देवाने पाय धड ठेवलेत, मग खऱ्या गरजूंची जागा कशाला अडवायची?’ आई म्हणाली, अरे आता पुरे. तो थांबला नाही. तेव्हापासून घरात कुठल्याही समारंभाला गाडी लावायचा विषय निघाला की हाच वाद. ‘खरे गरजू’ हा त्याचा आवडता शब्द. पावसाळ्यात छत्री, पिशवी आणि किल्ली यांतलं एकच काहीतरी धरता येणारी बहीण त्याच्या खऱ्यांत बसत नाही.

त्याला दोष देताना एक गोष्ट मी मान्य करते. लोकांच्या डोळ्यांसमोर ते निळं चिन्ह आहे. १९६८ साली सुझान कोफेड नावाच्या डॅनिश विद्यार्थिनीने ते काढलं, नंतर त्यात डोकं जोडलं गेलं, आणि जगभर तेच गेलं. चित्रात चाकाची खुर्ची आहे, म्हणून लोक पाय बघतात. ज्यांची हृदयं कमजोर आहेत, फुप्फुसं कमजोर आहेत, त्यांनाही हेच ऐकून घ्यावं लागतं. पण चिन्ह म्हणजे नियम नव्हे.

मात्र नियमही हातांच्या बाबतीत कंजूष आहेत, हे तुम्हाला सांगायलाच हवं. अमेरिकेत १९९१ साली केंद्र सरकारने ठरवलेली व्याख्या जवळजवळ पूर्णपणे चालण्याभोवती आहे: न थांबता दोनशे फूट चालता येत नाही, काठी किंवा आधाराशिवाय चालता येत नाही, ऑक्सिजन लागतो, वगैरे. काही राज्यांनी त्यात भर घातली आहे. कॅलिफोर्नियात दोन्ही हात निकामी असतील तरी परवाना मिळतो. दोन्ही, लक्षात घ्या. ब्रिटनच्या ब्लू बॅजमध्ये, म्हणजे तिथल्या अपंगांच्या पार्किंग परवान्यात, हातांचा मुद्दा आहे, पण तिथेही दोन्ही हातांत तीव्र अपंगत्व हवं, माणूस स्वतः नियमित गाडी चालवणारा हवा आणि पार्किंगचं मीटर चालवणं त्याला जमत नसावं किंवा फार कठीण जात असावं. इंग्लंडमध्ये २०१९ पासून न दिसणाऱ्या अपंगत्वाचाही विचार होतो, ते चांगलं झालं. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली हाताचं अपंगत्व हे चलनवलनाच्या अपंगत्वातच मोजलं जातं, आणि बहुतेक सवलतींसाठी ४० टक्क्यांची अट असते. ती टक्केवारी कायमच्या अपंगत्वाची. ऑपरेशननंतर भरून येणाऱ्या खांद्याला ती लागू होणार नाही.

मला विचाराल तर ही ‘दोन्ही हात’वाली अट ज्याने लिहिली त्याने एका हाताने गाडीतून उतरून पाहिलेलं नाही. पण ती बदलेपर्यंत अर्ज तिच्यातच बसवावा लागतो. म्हणून डॉक्टरांना फक्त ‘खांद्याचं ऑपरेशन’ एवढंच लिहू देऊ नका. काय करता येत नाही ते लिहून घ्या: हात बाजूला उचलायला मनाई आहे, दार पूर्ण उघडल्याशिवाय उतरता येत नाही, पडल्यास टेकता येत नाही, तोल सांभाळून चालण्यावर परिणाम होतो (होत असेल तरच), आणि हे किती काळ राहील. तात्पुरते परवाने जिथे आहेत तिथे ते थोड्या महिन्यांचे असतात, अमेरिकेत सहा महिन्यांपर्यंत. वापरताना मुदत संपायची तारीख पाहत जा.

परवाना नामंजूर झाला तर राखीव जागेत गाडी लावू नका, कितीही दुखत असलं तरी. तिथे मात्र मी दादाच्या बाजूने आहे. त्याऐवजी रांगेतली शेवटची जागा शोधा, जिथे तुमच्या दाराकडे भिंत किंवा खांब नाही, मोकळी वाट आहे. उलटी गाडी लावून दार मोकळ्या बाजूला येत असेल तर उलटी लावा. कोणी सोबत असेल तर जागेत शिरण्याआधीच उतरा आणि गाडी त्यांना लावू द्या. परवाना असूनही मला अशी कडेची जागा दिसली तर मी तीच घेते, राखीव जागा एकच शिल्लक असेल तेव्हा तर नक्कीच. हे मी माझ्या मनाने करते. कोणी दटावलं म्हणून करत नाही.

परवाना माणसाचा असतो, गाडीचा नाही. तुम्ही गाडीत नसताना घरच्यांनी ते कार्ड लावून भाजी आणायला जायचं नाही. असे लोक आहेत म्हणूनच ते गृहस्थ माझ्यावर ओरडले, आणि अशा लोकांवरचा त्यांचा राग मला समजतो.

आणि हो, हे आधी लिहायला हवं होतं: खांदा पट्ट्यात असताना तुम्ही स्वतः गाडी चालवणार आहात की शेजारी बसणार आहात हे प्रश्नात लिहिलेलं नाही. चालवणार असाल तर डॉक्टरांनी गाडी चालवायला स्पष्ट परवानगी दिली आहे का ते विचारा, आणि विमा कंपनीलाही विचारा, अपघात झाल्यावर नको. शेजारी बसणार असाल तरी परवाना चालतो, बहुतेक ठिकाणी तो प्रवाशालाही लागू असतो. कोपराखाली साधं प्लास्टर असेल तर खरं सांगते, अर्ज करू नका, तेवढं निभावतं.

राहिले घरचे. त्यांना समजावण्यात मी फार वर्षं घालवली आणि दादाचं मत तसूभरही हललं नाही. आता मी समजावत नाही. माझ्या गाडीत बसायचं तर गाडी कुठे लावायची ते मी ठरवणार, आणि कोणी विचारलं तर उत्तर मी देणार, हे त्याला निघण्याआधीच सांगते. मागच्या वेळी तो रिक्षाने आला. येऊ दे.