बोट्सवानात हिऱ्यांशिवाय कोणती खनिजं सापडतात? हिऱ्यांमुळे तो देश खरंच सावरला का?

आधी दुसरा प्रश्न घेतो. हो, सावरला, पण त्यात हिऱ्यांइतकाच एका कायद्याचा वाटा आहे.

३० सप्टेंबर १९६६ला देश स्वतंत्र झाला तेव्हा तिथे डांबरी रस्ता होता जेमतेम १२ किलोमीटर. पुढच्याच वर्षी ओरापाला हिरे सापडले. ती जमीन बामांग्वातो जमातीची, आणि राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा त्याच जमातीच्या राजघराण्यातले. ‘आमच्या जमिनीतलं ते आमचं’ असं म्हणायची त्यांना पुरेपूर संधी होती. पण १९६७च्याच कायद्याने खनिजांचे हक्क जमातींकडून देशाकडे आले. अंगोला आणि सिएरा लिओनमध्ये हिऱ्यांच्या पैशातून बंदुका आल्या, इथे शाळा, दवाखाने आणि रस्ते झाले. खामांच्या या निर्णयाबद्दल मला मनापासून आदर वाटतो. पुढे १९७५मध्ये डी बिअर्स या बड्या हिरे कंपनीबरोबरच्या भागीदारीत सरकारने आपला हिस्सा १५ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर नेला. तीच आजची डेब्स्वाना कंपनी. १९८२मध्ये सुरू झालेली तिची ज्वानेंगची खाण हिऱ्यांच्या किमतीच्या हिशेबात जगातल्या सर्वांत श्रीमंत खाणींत गणली जाते.

या भागात किम्बरलाइट, म्हणजे ज्यात हिरे सापडतात तो खडक, कलहारी वाळवंटाच्या वाळूखाली गाडला गेलेला असतो. वाळवी ओलाव्यासाठी खूप खोल जाते आणि येताना त्या खडकातल्या गार्नेट, इल्मेनाइट या खनिजांचे कण वर आणते. असे कण शोधत भूवैज्ञानिक खडकापर्यंत पोचतात. मला हे फार विलक्षण वाटतं.

आता इतर खनिजं. सुआ पॅनच्या खाऱ्या पाण्यातून सोडा अ‍ॅश आणि मीठ काढतात. मोरुपुलेला कोळसा आहे, त्यावर वीज तयार होते. वायव्येला खोमकाऊला तांबं आणि चांदी. सेलेबी-फिक्वेची तांबं-निकेलची खाण मात्र २०१६मध्ये बंद पडली आणि हजारो लोकांचा रोजगार गेला. अख्खं गाव त्या खाणीवर उभं होतं.

निर्यातीचा मोठा भाग अजूनही हिऱ्यांचाच, आणि काळजी वाटते ती इथे. प्रयोगशाळेत वाढवलेल्या स्वस्त हिऱ्यांनी खाणीतल्या हिऱ्यांची मागणी खाल्ली आहे. ऑगस्ट २०२४मध्ये कारोवे खाणीत २,४९२ कॅरेटचा प्रचंड हिरा निघाला, पण त्याच सुमारास बाजार मंदावल्याने सरकारची तिजोरी आटत होती. पुढच्या दोनच महिन्यांत निवडणूक झाली आणि स्वातंत्र्यापासून सत्तेत असलेला खामांचा पक्ष हरला. बेरोजगारी आणि हिऱ्यांची ही घसरण ही त्यामागची मोठी कारणं होती.